मुलांसाठी घरी कयाक बनवायचीय? आधी मुलाचं वजन करा, प्लायवूड नंतर आणा

माझी भाची १० वर्षांची आहे, वजन ३० किलो, पोहायला चांगलं येतं, आणि सुट्टीत नाशिकला आली की तिला पाण्यात जायचं असतं. तिच्यासाठी मी आतापर्यंत दोन कयाक (एकाने बसून दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची छोटी बोट) बनवल्या. पहिली करताना डोक्यात एकच भीती होती की उलटायला नको, म्हणून चांगली ७४ सेंमी रुंद केली, तळ सपाट, बाजू सरळ उभ्या. ती उलटली नाही हे खरं, पण पंधरा मिनिटांत पोरीचे दोन्ही कोपर काठावर घासून लाल झाले कारण वल्हं पाण्यापर्यंत पोचवायला तिला प्रत्येक वेळी पूर्ण वाकावं लागत होतं, त्यात दुपारचा वारा सुटला आणि बोट आडवी होऊन काठापासून लांब जायला लागली. "मामा, हातच पुरत नाहीये" असं ती ओरडत होती आणि मी छातीएवढ्या पाण्यातून चालत जाऊन बोट ओढून आणली. त्या रात्री मला झोप लागली नाही. बोट स्थिर होती, पण ज्या मुलीसाठी बनवली तिला ती चालवता येत नव्हती, आणि जी बोट मुलाला वळवून परत आणता येत नाही ती सुरक्षित कशी म्हणायची?

दुसरी बनवताना सगळं उलट्या क्रमाने केलं, म्हणजे आधी मुलगी मोजली आणि मग बोट काढली. तेच इथे सविस्तर लिहितोय, आकडे माझ्या भाचीचे आहेत, तुम्ही तुमच्या मुलाचे घालून परत हिशोब करा.

मुलाला भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसवा, पाय पुढे, गुडघे थोडे वाकलेले. चार मापं घ्या. कमरेची रुंदी (आमची २६ सेंमी), पाठीपासून तळपायापर्यंत (८३ सेंमी), जमिनीपासून कोपराची उंची हात खाली सोडून (१८ सेंमी), आणि वजन. कोपराची उंची कोणी घेत नाही, पण सगळ्यात महत्त्वाचं माप तेच आहे. सीटची जाडी ३ धरली तर कोपर बोटीच्या तळापासून २१ सेंमीवर येतो, म्हणून मधल्या भागात बोटीचा काठ २१ सेंमीच्या वर न्यायचाच नाही. मोठ्यांच्या कयाकमध्ये मूल बसवलं की हाच घोळ होतो, काठ मुलाच्या काखेपर्यंत येतो आणि बिचारं हात वर धरून वल्हवत राहतं. शिवाय मोठ्यांची बोट ८०-९० किलोच्या माणसाच्या हिशोबाने बनवलेली असते, ३० किलोचं मूल बसलं तर ती पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला कागदासारखा ढकलतो.

आता वजनाचा हिशोब. मुलगी ३०, बोट १३ (आपल्याकडचं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, जड असतं, त्यामुळे ८-९ किलोत बोट होईल या भ्रमात राहू नका), लाइफ जॅकेट, पाण्याची बाटली वगैरे ३. एकूण ४६ किलो. म्हणजे बोटीने ४६ लिटर पाणी बाजूला सारायला हवं, की ती तरंगली. माझी लांबी २७० सेंमी, त्यातली पाण्याला टेकणारी २६०, पाण्याच्या रेषेवर रुंदी साधारण ५५-५६ सेंमी, आणि एवढ्या वजनाला तळ साडेसहा सेंमी पाण्यात बुडतो. सोपी खूण सांगतो, या मापाच्या बोटीचं पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ जवळपास १ चौरस मीटर येतं, त्यामुळे १० किलो वजन वाढलं की बोट १ सेंमी अजून खाली जाते. मूल वाढतं ना, म्हणून हे माहीत असलेलं बरं. मुलाचं वजन ४०-४५ किलो होईपर्यंत हीच बोट आरामात चालेल.

स्थिरतेचं गणित ज्याला बघायचंय त्याने बघावं, मला वाटतं प्रत्येकाने बघावंच कारण यातच सगळं आहे. बोट किती ताठ उभी राहणार हे मेटासेंट्रिक हाइट नावाच्या एका उंचीवरून कळतं. ती दोन गोष्टींवर ठरते, पाण्याच्या रेषेवरची रुंदी आणि सगळ्या वजनाचा मध्यबिंदू किती उंच आहे ते. रुंदीचा परिणाम घनात होतो, म्हणजे रुंदी २० टक्के वाढवली तर रुंदीतून मिळणारी ताकद जवळजवळ पावणेदोन पट होते. माझ्या मापांना ही उंची साधारण २५ सेंमी निघते. तीच बोट पाण्याच्या रेषेवर ४८ सेंमी केली तर ११ च्या आसपास येते, बघा फक्त ७-८ सेंमी कमी केले आणि निम्म्याहून जास्त स्थिरता गेली. आणि रुंदी तीच ठेवून सीट १० सेंमी वर उचलली, म्हणजे कोणीतरी प्रेमाने खाली जाड उशी दिली, तर २५ ची साडेअठरा होते. म्हणून सीट म्हणजे २-३ सेंमीचा फोमचा तुकडा, बस. उशी नाही, पाट नाही, पोराला पुढचं दिसत नाही म्हणून उंच करणं तर अजिबात नाही, दिसत नसेल तर पुढचा डेक, म्हणजे बोटीवरचं झाकण, खाली घ्या.

मग प्रश्न येतो की रुंदी वाढवतच का नाही न्यायची, तर त्याचं उत्तर माझ्या पहिल्या बोटीने दिलंच. रुंदी पाण्याच्या रेषेवर हवी, खांद्याजवळ नको. काठावर मी ६० सेंमीच्या पुढे गेलो नाही, आणि वल्हं जिथे पाण्यात शिरतं तिथे, म्हणजे मुलाच्या गुडघ्यांच्या पुढे, बोट अजून निमुळती केली. सगळ्यात रुंद जागा सीटच्या जरा मागे ठेवली. एवढ्याने हात मोकळे होतात.

पोरांना टीव्हीवर दिसणाऱ्या बारीक बोटी हव्या असतात हेही लक्षात घ्या. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने दोन वल्ह्यांची बोट चालवायची शर्यत) उतरला तेव्हापासून आमच्या घरात पण ते वेड आहे. पण ती बोट वेगळी, ८ मीटरच्या आसपास लांब आणि जेमतेम ३० सेंमी रुंद, ती तोलली जाते बाहेर पसरलेल्या दोन लांब वल्ह्यांवर, आणि चालवणारा पाठमोरा बसतो. कयाकमध्ये तोंड पुढे असतं आणि दोन पात्यांचं एकच वल्हं हातात असतं, बोटीला टेकवलेलं नसतं, त्यामुळे तोल सगळा बोटीच्या आकाराने आणि कमरेने सांभाळायचा. मुलांना हे समजावून सांगितलं की ती ऐकतात.

आकार कसा काढला ते सांगतो. खाली पाच पट्ट्या. मधे सपाट तळ, बोटीच्या मध्यभागी ३६ सेंमी रुंद. त्याला दोन्ही बाजूंनी तिरक्या पट्ट्या, ज्या साडेनऊ सेंमी बाहेर जाताना साडेचार सेंमी वर चढतात. त्यावर बाजूच्या पट्ट्या, थोड्या बाहेर झुकलेल्या, काठापर्यंत. सपाट तळामुळे बोट बसल्या बसल्या डगमगत नाही, आणि बाजू बाहेर झुकलेल्या असल्यामुळे बोट कलली की रुंदी वाढत जाते, म्हणजे ती अजून कलायला विरोध करते. माझ्या पहिल्या खोक्यासारख्या बोटीत हा दुसरा भाग नव्हता, ती एका मर्यादेपर्यंत ताठ राहायची आणि मग एकदम जाईल असं वाटायचं. मुलाला बोट आधीपासून हळूहळू सांगत राहिली पाहिजे की आता कलतेय, तरच त्याला सावरायला वेळ मिळतो. दोन्ही टोकांकडे तळ ३-४ सेंमी वर उचला, त्याने वळायला सोपं जातं. आणि मागे तळाला ५-६ सेंमी खोल, हातभर लांब एक फळीचं पंख लावा, छोटी बोट प्रत्येक वल्ह्याला तोंड फिरवते आणि मूल कंटाळतं, या पंखाने ती सरळ चालते.

कॉम्प्युटर येत असेल तर फ्रीशिप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आकार काढला की पट्ट्या उलगडून मिळतात आणि किती बुडेल तेही कळतं. नसेल येत तरी काही अडत नाही, पुठ्ठ्याचं मॉडेल करा. मी तर म्हणतो सॉफ्टवेअर वापरलं तरी मॉडेल कराच. पाचास एक मापाचं, म्हणजे ५४ सेंमी लांब आणि १२ रुंद. पट्ट्या कापून बाहेरून पॅकिंगच्या टेपने जोडा. वजन मात्र पाचाने भागायचं नाही, पाचाच्या घनाने म्हणजे १२५ ने भागायचं, ४६ किलोचे होतात ३७० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मॉडेलसकट ३७० ग्रॅम होईल एवढी डाळ पिशवीत भरा, बोटीत ठेवा आणि टबात सोडा. पाण्याची रेषा मोजा, १.३ सेंमी आली तर हिशोब बरोबर. मुलालाच हे करू द्या, माझ्या भाचीने पिशवी उभी-आडवी ठेवून बघितली आणि वजन उंच गेलं की बोट कशी डळमळते हे तिला माझ्या भाषणाशिवाय कळलं.

आता सामान. ४ मिमी मरीन प्लाय, दोन शीट, ८ बाय ४ फुटी. शीटवर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छापलेलं बघा, आणि नुसत्या छाप्यावर विश्वास ठेवू नका, कडेने बघा आत पोकळ्या दिसतात का, आणि एक तुकडा मागून घेऊन घरी पातेल्यात ४-५ तास उकळवा, थर सुटले तर ते शीट परत. फर्निचरचं साधं कमर्शियल प्लाय अजिबात नको. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर (दोन्ही मिसळले की दगडासारखा घट्ट होणारा डिंक), ५० मिमी फायबर ग्लासची टेप, तळाबाहेरून लावायला चौरस मीटरला २०० ग्रॅमचं ग्लास कापड, बारीक तांब्याची तार, चाळलेला लाकडाचा भुसा. सातपूरला एफआरपीचं (फायबर ग्लासचं) काम करणारा एक ओळखीचा आहे, तो म्हणाला पॉलिएस्टर रेझिन घे, स्वस्त पडेल, पण पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही, काही महिन्यांनी कडेने सुटतं. त्यामुळे इथे पैसे वाचवू नका, इपॉक्सीच घ्या.

शीट ८ फुटी आणि पट्ट्या जवळपास ९ फुटी, म्हणून जोड द्यावा लागतो. कड कडेला लावून दोन्ही बाजूंनी ग्लास टेप आणि इपॉक्सी, वर प्लास्टिक कागद आणि विटांचं वजन, २४ तास हलवायचं नाही. जोड मध्यावर न आणता पुढच्या तिसऱ्या भागात आणा. पट्टीची वळणं काढायला सुताराकडची लांब बीडिंग पट्टी वापरा, दर ३० सेंमीला मापाच्या खुणेवर खिळा ठोका, पट्टी त्यांना टेकवा आणि एका डोळ्याने लांबून बघा, कुठे कुबड दिसलं तर आकडा चुकलाय, पट्टी नाही. डाव्या उजव्या पट्ट्या एकत्र बांधून एकदमच कापा आणि रंधून घ्या, वेगवेगळ्या कापल्या तर बोटीला पीळ पडतो.

मग कडेपासून ८ मिमी आत, दर ८-१० सेंमीला बारीक भोकं पाडून तारेने टाके घालायचे, अगदी गोधडी शिवल्यासारखं. सगळे टाके घालून झाले की मगच पिळून घट्ट करा. इथे एक दिवस जाऊ दे, घाई नको, दोन्ही टोकांना आणि मधे आडव्या काठ्या ठेवून बघा त्या एकमेकींना समांतर दिसतात का. गवंड्याची लेव्हलची नळी असेल तर अजून छान. पीळ आत्ताच काढता येतो, इपॉक्सी लागल्यावर तो कायमचा. पीळ असलेली बोट एका बाजूला ओढते आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

इपॉक्सीत भुसा मिसळून श्रीखंडापेक्षा जरा घट्ट पेस्ट करा, आतल्या सगळ्या सांध्यात भरा, चमच्याच्या पाठीने गोल घ्या, वर टेप. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, काट्यावर मोजून, अंदाजाने कधीच नाही. नाशिकच्या हवेचं बोलायचं तर फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगला काळ. डिसेंबर-जानेवारीत रात्री एवढा गारठा पडतो की इपॉक्सी दिवसेंदिवस चिकटच राहतं, निफाडकडे तर विचारूच नका. मे महिन्यात दुपारी मग्यात कालवलेलं रेझिन हातात तापून धूर सोडतं, मग पहाटे काम करा आणि एकावेळी १००-१५० ग्रॅमच कालवा. पावसाळ्यात वरती मेणचट थर येतो, तो पाण्याने धुवून मग घासा. हातमोजे प्रत्येक वेळी घाला आणि घासताना मास्क, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा बसली की जात नाही. पोरांना तारेचे टाके, घासकाम (पूर्ण सुकल्यावर, मास्क लावून) आणि रंग द्या, ओलं रेझिन नाही. शेवटी बाहेरून रंग किंवा उन्हाला टिकणारं व्हार्निश हवंच, उघडं इपॉक्सी उन्हाने पिवळं पडून खराब होतं.

आत पुढे आणि मागे एकेक आडवी भिंत घालून दोन बंद कप्पे करा, बोट पाण्याने भरली तरी हे कप्पे तिला वर धरतात. भिंतीत दीड मिमीचं एक भोक ठेवा, नाहीतर उन्हात आतली हवा फुगून सांधे उघडतात. कप्प्यांवर पूर्ण भरवसा न ठेवता मी प्रत्येकात बूच घट्ट लावलेल्या २ लिटरच्या रिकाम्या बाटल्या भरल्या, डेक लावायच्या आधी. पुढच्या भिंतीचं अंतर मुलाच्या पायाच्या मापाने ठरवा, आणि पुढे १० सेंमी जास्त सोडून फोमचे तुकडे पाय टेकायला लावा, पाय वाढले की एकेक तुकडा काढायचा. पाय टेकायला काही नसेल तर मूल सीटवर घसरत राहतं आणि तोल राहत नाही.

बसायचं तोंड मोठं ठेवा, ८५ सेंमी लांब, ४२ रुंद. मुलाने दोन्ही गुडघे एकदम वर उचलून बाहेर पडता आलं पाहिजे, हात न लावता, हे घरात गादीवर बोट ठेवून दहा वेळा करून बघा. पट्टा, बेल्ट, कमरेभोवतीचं कापड असलं काहीही नको. आतल्या तारांची टोकं हाताने चाचपून बघा.

वल्हं १८० ते १९० सेंमी, दांडा मुलाच्या मुठीत बसेल असा, १ इंची ॲल्युमिनियमचा पाईप चालतो, पाती उरलेल्या प्लायची, लहान. मोठ्यांचं वल्हं देऊ नका, खांदे दुखतात.

पाण्यात मूल बसवायच्या आधी बादली बसवा. रंगाची २० लिटरची बादली कोरड्या वाळूने भरली की साधारण ३० किलो होते, आणि तिचा मध्य तळापासून १८-१९ सेंमीवर येतो, म्हणजे जवळपास बसलेल्या मुलाएवढाच. ती सीटवर दोरीने पक्की बांधा. बोट पुढे-मागे सपाट तरंगते का बघा, नाहीतर सीट सरकवा. मग ५ किलोचं वजन मधोमध ठेवा, मोबाईलमधली लेव्हल डेकवर ठेवून आकडा घ्या, आणि वजन २० सेंमी एका बाजूला सरकवा. माझी बोट ४ ते ५ अंश कलली. ८-९ च्या वर गेली तर मुलाला बसवू नका, सीट खाली करा, ते जमत नसेल तर तळ नव्याने बनवा. १०-१२ अंश म्हणजे ती मोठ्यांच्या शर्यतीची बोट झाली. यानंतर बोट मुद्दाम पाण्याने पूर्ण भरा आणि तरंगते का ते बघा.

हे कुठे करायचं, तर शेततळ्यात नाही. दिंडोरी, निफाडकडे नातेवाइकांची शेततळी असतात, पाणी शांत दिसतं आणि मोह होतो. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावर शेवाळ धरतं, पोहता येणारा मोठा माणूससुद्धा घसरून घसरून वर चढू शकत नाही. कृपा करून तिथे मुलं नेऊ नका. पोहण्याचा तलाव चालवणाऱ्यांना विचारा, सकाळी तासभर देतात कधी कधी. धरणाच्या पाण्यावर जायचं तर ते जलसंपदा विभागाचं आहे, आणि गंगापूर धरणाचं पाणी आपण नाशिककर पितो, त्यामुळे आधी विचारून, उथळ काठ बघून, सकाळी वारा सुटायच्या आत. पावसाळ्यात आणि विसर्ग चालू असताना गोदावरीत कुठेच नाही, गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलंय ही बातमी येते तेव्हा वरून किती पाणी सोडलेलं असतं ते आपण सगळे बघतो. पाणवेली असतील तिथेही नको, वल्हं अडकतं.

लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाचं, घातल्यावर खांद्याला धरून उचला, हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे. पहिल्या दिवशी फक्त उलटायचा सराव. कमरेएवढ्या पाण्यात मी शेजारी उभा, तिने मुद्दाम बोट उलटी करायची, बाहेर यायचं, बोटीला धरून राहायचं. तिला बोट उलटी करायला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, मला खूप बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून वल्हवायला, मागच्या टोकाला ३० मीटर दोरी, दुसरं टोक माझ्या हातात. दोरी बोटीला बांधायची, मुलाला कधीच नाही.

त्या दिवशी बोट जिथपर्यंत बुडाली तिथे भाचीने बाहेरून पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. दिवाळीत परत आली तेव्हा वजन ३३ झालं होतं, पाणी रेघेच्या ३ मिमी वर आलं, तिने दुसरी रेघ मारली आणि पायाचा एक फोम काढला.